पिकअप कुठे राहतो?

सेकंडहँड गाडी बघायला आलेल्या माणसाचे चार प्रश्न ठरलेले असतात: किती चाललीय, ॲव्हरेज काय देते, इन्शुरन्स कधी संपतो आणि पिकअप कसा आहे. पहिल्या तिन्हींना आकडा किंवा तारीख मिळते. चौथ्याचे उत्तर ‘एकदम कडक’ एवढेच असते आणि त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मग किल्ली मागून घेतली जाते आणि सोसायटीच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत एक चक्कर होते. एवढ्या चकरेत उजवा पाय पेडलवर फार तर बोटाच्या एका पेराएवढा दबतो. तेवढ्यावर गाडी झेपावली तर इंजिन जोरदार, रेंगाळली तर इंजिन थकलेले. निकाल लागला.

हा निकाल इंजिनाचा आहे, असे त्या माणसाला वाटते. पण पेरभर दाबात इंजिनाची ताकद कळतच नाही. कळतो तो पेडल आणि इंजिन यांच्यामधल्या सांध्यांचा स्वभाव. ज्या गाड्यांत पेडलपासून इंजिनापर्यंत केबल जाते, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ‘एक्सिलरेटर वायर’, त्यांच्यात सगळ्यांत बोलका सांधा म्हणजे बोनेटखाली हवेच्या वाटेवर बसलेली पेढ्याएवढी पुली. ती पेढ्याएवढी आहे की बेसनाच्या लाडवाएवढी, यावर गाडी तिखट वाटेल की मवाळ हे ठरते. इंजिनात एकाही अश्वशक्तीची भर पडत नाही, तरी ठरते.

गळ्याशी बसलेली चकती

एक्सिलरेटरला आपण पेट्रोलचे पेडल समजतो. खरे तर ते हवेचे पेडल आहे. पेट्रोल किती जायचे हे आत येणाऱ्या हवेच्या प्रमाणात कार्ब्युरेटर किंवा इंजेक्शनचा संगणक पाहून घेतो. चालकाच्या पायात असते ती फक्त हवेची वाट कमीजास्त उघडण्याची सोय. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो आणि त्या हवेच्या वाटेत एक गोल धातूची चकती आडवी उभी असते. तिच्या मधोमध एक दांडा जातो. दांडा थोडा फिरला की चकती तिरपी होते आणि तिच्या दोन्ही बाजूंना चंद्रकोरीसारख्या फटी पडतात. दांडा पूर्ण फिरला की हवेला चकतीची फक्त कड दिसते आणि वाट मोकळी होते. मिटलेल्या-उघडलेल्या पंखांसारख्या या हालचालीमुळे तिला फुलपाखरू झडप म्हणतात, आणि ती ज्या नळीत बसते तिला थ्रॉटल बॉडी.

थ्रॉटल या इंग्रजी शब्दाचे मूळ घशात आहे. त्याचा सरळ अर्थ गळा आवळणे. इंजिनाचा गळा आवळून त्याला ताब्यात ठेवण्याची ही युक्ती मोटारगाडीपेक्षा शंभर वर्षांनी जुनी आहे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये आपल्या वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक बसवला, तो वाफेच्या नळीतली अशीच एक चकती फिरवत असे. इंजिन जोरात फिरू लागले की गोळे बाहेर फेकले जात, दांड्यांची साखळी सरके आणि चकती मिटत जाई. वॉटच्या इंजिनाला पाय नव्हता. ते आपला गळा आपणच आवळत होते. मोटारीत हे काम माणसाच्या तळव्याकडे आले.

जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात हा गळा नसतो. तिथे हवा मोकळी येते आणि पेडल पंपातून जाणाऱ्या डिझेलचे माप बदलते. म्हणून पुलीची ही कहाणी मुख्यतः पेट्रोल गाड्यांची.

भोवरा आणि जाळी

पाय पेडल खाली दाबतो. पेडलचे दुसरे टोक केबल ओढते. केबल इंजिनाच्या बाजूला येते आणि चकतीच्या दांड्यावर बसवलेल्या पुलीच्या खाचेत गुंडाळली जाते. ओढ बसली की पुली फिरते, दांडा फिरतो, चकती उघडते. पाय सोडला की स्प्रिंग सगळे परत मिटवते. बस, एवढेच यंत्र.

आता भोवरा आठवा. जाळी गुंडाळताना ती आरेजवळच्या निमुळत्या भागावर सुरू होते आणि वर फुगीर पोटावर येते. वीतभर जाळी निमुळत्या भागावर चार-पाच वेढे घेते, फुगीर भागावर एकदीड. म्हणजे तीच वीतभर जाळी ओढली, तर भोवरा निमुळत्या भागावरून जास्त फिरतो आणि फुगीर भागावरून कमी. थ्रॉटलची पुली या नियमाला तंतोतंत बांधलेली आहे. केबल किती सरकली याला पुलीच्या त्रिज्येने भागले की फिरण्याचा कोन मिळतो. त्रिज्या लहान तर कोन मोठा.

एक उदाहरण मनाशी धरू. पुलीची त्रिज्या २० मिलिमीटर आहे. केबल १० मिलिमीटर ओढली तर पुली सुमारे २९ अंश फिरेल. त्याच जागी १६ मिलिमीटर त्रिज्येची पुली बसवली, तर त्याच १० मिलिमीटरला ३६ अंश. २५ मिलिमीटरची बसवली, तर जेमतेम २३ अंश. पाय तेवढाच दबला, केबल तेवढीच सरकली, चकती मात्र वेगवेगळी उघडली.

मोटरसायकलवाल्यांना हा खेळ उलट्या बाजूने ओळखीचा आहे. रेसिंगच्या बाइकला ‘क्विक थ्रॉटल’ लावतात तेव्हा कार्ब्युरेटरकडे कोणी हात लावत नाही. हँडलच्या मुठीशी असलेली चक्री मोठी करतात. मूठ तेवढीच पिळली तरी मोठी चक्री जास्त केबल ओढते, आणि पाव वळणात इंजिन पूर्ण उघडते. ओढणाऱ्या टोकाची चक्री मोठी करा किंवा ओढल्या जाणाऱ्या टोकाची लहान करा, परिणाम एकच. सायकलचे पुढचे दातेरी चाक मोठे आणि मागचे लहान असले की एका पेडलात मागचे चाक जास्त फिरते, त्याच घरातला हा हिशेब.

कोन आणि फट

पण इंजिन कोन पीत नाही, हवा पिते. चकती किती अंश फिरली यापेक्षा किती फट पडली हे महत्त्वाचे, आणि इथे फुलपाखरू झडपेचा एक हट्टी स्वभाव आडवा येतो. आडवी चकती फिरायला लागली की सुरुवातीला फट फारच हळू वाढते. चकती पूर्ण आडवी धरून हिशेब केला, तर पहिल्या १० अंशांत नळीचा जेमतेम दीड टक्का भाग मोकळा होतो, २० अंशांत ६ टक्के, ३० अंशांत १३ टक्के. नळी निम्मी मोकळी व्हायला ६० अंश लागतात. प्रत्यक्षात चकती मिटलेली असतानाही किंचित तिरपी असते आणि दांडाही थोडी जागा अडवतो, म्हणून गाडीगणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात. चाल तीच राहते: आधी कासव, मग ससा.

या चालीमुळे पुलीचा फरक गुणाकाराने वाढतो. वरच्या तीन पुल्यांकडे परत या. १० मिलिमीटर केबलला २५ च्या पुलीवर नळीचा ८ टक्के भाग उघडतो, २० च्या पुलीवर १२ टक्के, १६ च्या पुलीवर १९ टक्के. त्रिज्या फक्त पाचव्या हिश्शाने कमी झाली आणि फट दीडपटीहून जास्त झाली. गॅरेजमध्ये ‘पुली थोडीशीच लहान केली’ असे म्हणतात तेव्हा पायाला तो फरक थोडासा का वाटत नाही, ते इथे कळते.

आता इंजिनाच्या बाजूने पाहू. दीड लिटरचे चार स्ट्रोकचे इंजिन प्रत्येक फेऱ्याला पाऊण लिटर हवा मागते. मिनिटाला १५०० फेऱ्यांवर, म्हणजे शहरात गाडी संथ चालत असताना, ही मागणी सेकंदाला सुमारे १९ लिटर होते. थ्रॉटलची नळी ५० मिलिमीटर व्यासाची असेल, तर तिचा दहावा हिस्सा म्हणजे जवळपास दोन चौरस सेंटिमीटर, अंगठ्याच्या नखाएवढी फट. ढोबळ हिशेबाने एवढ्याशा फटीतूनही त्या वेगाला इंजिनाला लागणारी दहापैकी नऊ हिस्से हवा आत येते. आणि दहावा हिस्सा उघडायला चकतीला फिरावे लागते ते फक्त २६ अंश. उरलेले चौसष्ट अंश फिरवून मिळते ती शेवटची दहाव्या हिश्शाची भर.

हेच इंजिन ६००० फेऱ्यांवर गेले की मागणी चौपट होते. नखाएवढ्या फटीतून तेवढी हवा जायची तर तिला आवाजाच्या वेगाहून जोरात पळावे लागेल, आणि अशा फटीत हवा आवाजाच्या वेगापुढे जात नाही. फट तशीच ठेवली तर इंजिनाला हव्या असलेल्या हवेतली निम्मीसुद्धा मिळत नाही. म्हणजे तोच कोन संथ इंजिनासाठी ‘जवळजवळ सगळे’ असतो आणि पळत्या इंजिनासाठी ‘फारच थोडे’.

आता ते २६ अंश पेडलवर उतरवा. पेडलच्या टोकाची हालचाल केबलच्या दुप्पट धरली, तर २० च्या पुलीवर ते १८ मिलिमीटर पेडलमध्ये येतात, १६ च्या पुलीवर साडेचौदात, २५ च्या पुलीवर तेविसेक मिलिमीटरमध्ये. सिग्नलपासून सिग्नलपर्यंतचे, गल्लीतले, पार्किंगमधले सगळे चालवणे याच दीड-दोन सेंटिमीटरच्या पट्टीत होते. पेडलचा उरलेला मोठा भाग घाटासाठी आणि ओव्हरटेकसाठी. गाडी बघायला आलेल्या माणसाचा पेरभर दाब नेमका या पट्टीत पडला होता.

म्हणून लहान पुलीची गाडी शहरात जोरदार वाटते. जे शेवटच्या इंचाला मिळाले असते ते तिने पहिल्या इंचाला देऊन टाकलेले असते. पाय पूर्ण दाबून उभी शर्यत लावली, तर दोन्ही गाड्या बरोबरीने जातात, कारण पूर्ण उघडलेली चकती कोणत्या पुलीने उघडली हे इंजिनाला माहीत नसते. फरक उरतो तो पेडल तळाला जाईपर्यंतच्या निमिषाचा. पुली इंजिनाला देत काहीच नाही. असलेल्या इस्टेटीची पायाच्या प्रवासावर वाटणी करते.

वाटणीतली भांडणे

वाटणी म्हटली की भांडणे आली. आपल्या उदाहरणातल्या गाडीचे पेडल एकूण ३२ मिलिमीटर केबल ओढू शकते असे धरू. २० मिलिमीटरच्या पुलीला ९० अंश फिरायला साडेएकतीस मिलिमीटर लागतात. माप चपखल बसले. पेडल जमिनीला टेकते तेव्हाच चकती पूर्ण उघडते.

२५ ची पुली बसवली तर पूर्ण उघडायला ३९ मिलिमीटर हवेत, आणि पेडलकडे आहेत ३२. चकती ७३ अंशांवर अडकते आणि नळीचा सुमारे ७१ टक्केच भाग मोकळा होतो. अशा गाडीचा मालक शहरात खूश असतो. पार्किंगला गाडी लोण्यासारखी चालते. घाटात मात्र इंजिन वरच्या फेऱ्यांवर दमते आणि दोष पेट्रोलला दिला जातो.

१६ ची बसवली तर उलट. २५ मिलिमीटर केबलमध्येच चकती पूर्ण उघडून तिच्या थांब्याला टेकते. पेडलचा शेवटचा पाचवा हिस्सा निकामी. चालक मात्र पाय पूर्ण दाबतोच, आणि तो जोर मग केबलवर, तिच्या टोकाच्या गुंडीवर आणि चकतीच्या थांब्यावर पडतो. म्हणून लहान पुली बसवणारा शहाणा कारागीर पेडलखालचा थांबाही तेवढा वर घेतो.

दुसरे भांडण जोराचे. चकती मिटवणारी स्प्रिंग दांड्याला ठरावीक पीळ देत असते. तो पीळ परतवायला लहान पुलीवर केबलला जास्त ओढ द्यावी लागते; २० च्या जागी १६ आली की सव्वापट. शिवाय केबल सरळ येत नाही. १८९६ मध्ये अर्नेस्ट बोडेनने पेटंट घेतलेली, नळीतून वळणे घेत सरकणारी ही तार प्रत्येक वळणावर घर्षण खाते, आणि हे घर्षण ओढीच्या प्रमाणात वाढते. केबलने वाटेत एकूण १८० अंशांची वळणे घेतली आणि आतले अस्तर चांगले गुळगुळीत असले, तरी पेडलच्या टोकाला तिसऱ्या हिश्शाहून जास्त जादा ओढ लागू शकते. अस्तर झिजलेले असले तर विचारूच नका.

याचा त्रास जडपणापेक्षा वेगळा असतो. घर्षण जास्त म्हणजे पेडल आधी हलत नाही आणि मग एकदम हलते. लहान पुलीवर हे ‘एकदम’ आणखी मोठ्या फटीचे होते. पहिल्या गिअरमध्ये गाडी पुढे झेपावते, चालकाचे अंग मागे जाते, अंगाबरोबर पाय सुटतो, गाडी मंदावते, अंग पुढे येते आणि पाय पुन्हा दाबला जातो. गाडी बेडकासारखी उड्या मारू लागते. शिकाऊ चालकाला सगळे हसतात, पण त्यात त्याचा एकट्याचा दोष नसतो. माणूस, सीट, केबल आणि पुली मिळून एक झोपाळा तयार झालेला असतो आणि चालक त्याला नकळत झोका देत असतो.

गोगलगाय

तर मग लहान पुली शहरात उड्या मारते आणि मोठी घाटात अडते. यातून वाट काय? भोवऱ्याकडे पुन्हा पाहिले तर उत्तर त्याच्याच अंगावर आहे. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते.

गाडीची पुली गोल असलीच पाहिजे असा नियम नाही. केबल ज्या बाजूने आधी सुटते तिथे त्रिज्या मोठी ठेवायची आणि पुढे ती कमी करत न्यायची. पेडलच्या पहिल्या सेंटिमीटरमध्ये चकती जपून उघडेल, नंतर वेग घेईल आणि पेडल तळाला टेकेपर्यंत पूर्ण मोकळी होईल. अशी पुली बाजूने पाहिली तर गोगलगायीच्या शंखासारखी दिसते. अनेक गाड्यांत थ्रॉटलवरचा हा तुकडा अशाच वेड्यावाकड्या आकाराचा असतो, आणि बघणाऱ्याला तो ओतकामातला दोष वाटतो. त्या वेडेपणात एका इंजिनिअरने चालकाच्या पायाचा अभ्यास कोरून ठेवलेला असतो.

फिरता फिरता त्रिज्या बदलणाऱ्या चाकाची युक्ती अनेक धंद्यांनी वापरली. जुन्या स्प्रिंगच्या घड्याळांत स्प्रिंग सैल होत जाई तसा जोर कमी पडे. म्हणून साखळी शंकूच्या आकाराच्या चाकावर गुंडाळत. स्प्रिंग जोरात असताना साखळी निमुळत्या टोकावरून ओढे, दमली की रुंद बुडावरून, आणि घड्याळाला मिळणारा पीळ सारखा राही. धनुर्विद्येत १९६९ मध्ये हॉलेस विल्बर ॲलनला कंपाऊंड धनुष्याचे पेटंट मिळाले. त्याच्या दोन्ही टोकांना केंद्र सरकलेली चाके असतात. दोरी ओढताना जोर आधी चढतो आणि पूर्ण ताणल्यावर उतरतो, त्यामुळे नेम धरून थांबलेल्या तिरंदाजाच्या बोटांवर भार थोडाच राहतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जागतिक विजेते झाले ते याच प्रकारच्या धनुष्यावर. त्यांच्या हातातले चाक आणि बोनेटखालची गोगलगाय सख्खी भावंडे. दोन्हीकडे प्रश्न एकच: माणसाचा हात किंवा पाय जिथे सगळ्यांत नाजूक काम करतो, तिथे यंत्राने मऊ वागावे.

कार्ब्युरेटरच्या काळात हेच काम दोन चकत्यांनीही करून घेतले. वेबरचा ३२/३६ हा गाजलेला कार्ब्युरेटर घ्या. त्याला दोन घसे असतात, एक ३२ मिलिमीटरचा आणि एक ३६ चा. पेडलच्या सुरुवातीच्या मोठ्या प्रवासात फक्त लहान घसा उघडतो. तो बऱ्यापैकी उघडला की दांड्यांची रचना मोठ्याला हात देते. शहरात लहान इंजिन, हायवेवर मोठे.

पुली बदलण्याआधी

पुली हा स्वस्त तुकडा असल्याने ती बदलण्याचा मोह होतो. पण तिला एकट्या पायाचेच नाते नसते.

पहिले नाते गिअरबॉक्सचे. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत थ्रॉटलपासून आणखी एक केबल गिअरबॉक्सला जाते. जनरल मोटर्सची १९८२ साली आलेली ७००आर४ ही गिअरबॉक्स याबाबत बदनाम आहे. चकती किती उघडली हे तिला या केबलच्या सरकण्यावरून कळते, आणि त्यानुसार ती आतल्या तेलाचा दाब वाढवते. हौशी लोकांनी इंजिनाला दुसरा कार्ब्युरेटर बसवला, त्याच्या दांड्याची लांबी वेगळी निघाली, केबल कमी सरकू लागली. इंजिन पूर्ण जोर लावत असे आणि गिअरबॉक्स समजे की गाडी आरामात चालली आहे. दाब अपुरा राही, आतल्या क्लच प्लेट घसरत आणि थोड्याच दिवसांत जळून जात. काही मिलिमीटर त्रिज्येच्या चुकीने अख्खी गिअरबॉक्स खाल्ली, हे तिथल्या मेकॅनिकांना इतके पाठ झाले की माप जुळवणाऱ्या खास पट्ट्या बाजारात आल्या.

दुसरे नाते मिश्रणाचे. चकती झटक्यात उघडली की हवा लगेच धावते, पेट्रोल जड असल्याने मागे राहते, आणि इंजिन क्षणभर गुदमरते. कार्ब्युरेटरमध्ये यासाठी छोटा पंप असतो, तो त्याच क्षणी पेट्रोलची पिचकारी मारतो. त्या पिचकारीचे माप मूळ पुलीच्या चालीला धरून ठरवलेले असते. पुली तिखट केली की कधी कधी गाडी झेपावण्याआधी अडखळते, आणि मालक म्हणतो, पिकअप होता तोही गेला.

तिसरे नाते जिवाचे. पाय सोडल्यावर चकती मिटलीच पाहिजे. अमेरिकेत मोटारींच्या सुरक्षेसाठीचे १२४ क्रमांकाचे मानक यासाठी थ्रॉटल मिटवणारी किमान दोन स्वतंत्र साधने मागते. एक स्प्रिंग तुटली तरी दुसरीने काम करावे. घरगुती पुलीची खाच उथळ असली आणि केबल तिच्यातून निसटून कडेला अडकली, तर दोन स्प्रिंगाही काही करू शकत नाहीत.

पुली गेली, वाटणी राहिली

गोगलगायीचा आकार कितीही शहाणा असला तरी तिला एक गोष्ट कधीच कळत नाही: इंजिन या क्षणी किती फेऱ्यांवर आहे. आपण पाहिले की २६ अंश संथ इंजिनाला भरपूर आणि पळत्या इंजिनाला तोकडे. धातूचा तुकडा दोन्ही वेळी तेच २६ अंश देणार. गिअर कोणता, इंजिन थंड की गरम, चढ की उतार, याचीही तिला खबर नाही.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बीएमडब्ल्यूने आपल्या बारा सिलिंडरच्या ७५० मॉडेलमध्ये केबलच काढून टाकली. पेडलला सेन्सर, चकतीला छोटी विजेची मोटर आणि मध्ये संगणक. १९९७ साली कॉर्व्हेटमध्ये ही रचना आली. चालकाच्या पायाशी थेट नाते सांगणारी माझदाची एमएक्स-५ तिच्या तिसऱ्या पिढीपर्यंत, म्हणजे २००५ पर्यंत, केबल धरून होती. मग तिनेही ती सोडली. आता बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांत बोनेट उघडून पुली शोधली तर सापडत नाही.

पण वाटणी संपलेली नाही. ती तक्त्यात गेली. पेडल इतके दाबले, फेऱ्या इतक्या, तर चकती इतकी उघडायची, असे आकडे संगणकात भरलेले असतात. फेऱ्यांच्या प्रत्येक आकड्याला आणि प्रत्येक गिअरला वेगळी पुली बसवल्यासारखेच ते. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनला २०१७ मध्ये इको, सिटी आणि स्पोर्ट असे पर्याय आले. अशा बटणांनी गाडीगणिक आणखीही काही बदलते, पण पायाला पहिल्यांदा जाणवते ती वाटणी: इकोमध्ये पेडलचा पहिला भाग कंजूष, स्पोर्टमध्ये उधळ्या.

ॲक्सेसरीजच्या दुकानात पेडल आणि संगणक यांच्यामध्ये लावायच्या छोट्या डब्या मिळतात. ‘पिकअप वाढतो’ म्हणून त्या खपतात. चालकाने पेडल तीस टक्के दाबले तर डबी संगणकाला पन्नास टक्के सांगते. शंभर टक्क्यांना मात्र तीही शंभरच सांगू शकते. ही १६ मिलिमीटरची पुलीच, फक्त प्लास्टिकच्या डबीत बंद केलेली, आणि तिच्या कितीतरी पट किमतीची.

कड दिसली का?

तुमच्याकडे अजून केबलची गाडी असेल आणि तिच्या पिकअपबद्दल तक्रार असेल, तर पुलीआधी दहा मिनिटांची एक तपासणी करा. इंजिन बंद ठेवा. थ्रॉटलवर येणारी हवेची जाड रबरी नळी काढा आणि घरातल्या कोणाला तरी पेडल हळूहळू तळापर्यंत दाबायला सांगा. तुम्ही टॉर्च घेऊन चकतीकडे बघत बसा.

पेडल हलले तरी सुरुवातीला चकती हलत नसेल, तर वायर ढिली आहे. चार-पाच मिलिमीटरचा ढिलेपणा आपल्या हिशेबातल्या शहरी पट्टीचा जवळजवळ निम्मा भाग गिळतो. तो नटाने काढता येतो. चकती धक्क्याधक्क्याने उघडत असेल, तर वायरीचे अस्तर गेले आहे किंवा चकतीच्या कडेला काजळीचा चिकट थर बसला आहे. पेडल जमिनीला टेकूनही चकती तिरपीच राहत असेल, तर आधी पेडलखाली सरकलेले मॅट बाजूला करा. घाटात न चढणाऱ्या एखाद्या गाडीचा आजार तेवढ्यावरही बरा होतो.

आणि चकती गुळगुळीत फिरून सरळ झाली, तिची फक्त पातळ कड दिसली, दोन्ही बाजूंनी टॉर्चचा उजेड आतल्या भिंतीवर पडला, तर गाडीकडे जेवढे आहे तेवढे ती देते आहे. तिची पुली पेढ्याएवढी असो की लाडवाएवढी, प्रश्न आता एवढाच उरतो, की ते देणे तुमच्या पायाला पहिल्या पेराला हवे आहे की शेवटच्या.